टायफॉइड, कावीळ आणि डेंग्यू

ब्राह्मणपारा या मोहल्ल्यात अनंतरावांना विचारल्याशिवाय कुणी दुखरा दातही उपटून घेत नसे. रेल्वेतून बडे बाबू म्हणून निवृत्त झालेला माणूस. गुडघेदुखीपासून मूळव्याधीपर्यंत सगळ्यावर यांच्याकडे उपाय, आणि फी म्हणून फक्त चहा. अशा माणसाच्या तरण्या पोराच्या, भार्गवच्या, कानात समोर नसलेली माणसं बोलू लागली, तेव्हा अनंतरावांना पहिली काळजी पडली ती पोराची नव्हे, पाऱ्याची.

भार्गव मानसिक आजारांच्या वॉर्डात भरती झाला आणि पाऱ्यात सांगण्यापुरता त्याला टायफॉइड झाला. घरी येऊन तो हसू-बोलू लागला, तसं अनंतरावांनी बायकोला, शारदाबाईंना, फर्मावलं, "चांगला झाला ना पोट्टा? मंग गोळ्या काहून? सवय लागते." गोळ्या बंद झाल्या. आवाज परत आले आणि भार्गव परत भरती झाला.

या खेपेला कावीळ. शेजारच्या सत्यभामाबाई येता-जाता पातेल्यात डोकावत, म्हणून सोंग वठवायला घरात दोन महिने बिनहळदीचं वरण शिजलं. सगळ्यांनी ते मुकाट्यानं गिळलं. एवढं पथ्य पाळणाऱ्या घराला पोराची गोळी तेवढी जड झाली. तीही पुन्हा बंद.

तिसऱ्यांदा डेंग्यू सांगितला. नगर निगमची माणसं येऊन गल्लीभर धूर सोडून गेली, घरोघरचे कूलर उपसले गेले. खोट्यानं पाऱ्याची तब्येत सुधारली, पोराची नाही.

दवाखान्यातून सुट्टी मिळायच्या दिवशी अनंतराव पिशवी घेऊन वॉर्डात हजर झाले. डॉक्टरीणबाई शेजारीच कागद भरत होत्या.

"चाल बेटा. आता एकदम फर्स्टक्लास. कोणी विचारलं तर प्लेटलेट वाढले म्हणून सांगजो."

भार्गव खाटेवरून हलला नाही. "बाबा, मले इथंच राहू द्या," तो शांतपणे म्हणाला. "इथं बिमार राहता येते. घरी बरं होऊनच राहा लागते."

अनंतरावांकडे यावर उपाय नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना स्वतःची लाज वाटली, आणि ती पाऱ्यातलं कुणी बघत नसताना वाटली, हे विशेष. पिशवी खाली ठेवून ते डॉक्टरीणबाईंकडे वळले.

"मॅडम, ये गोलियाँ कब तक देनी हैं?"

"तीसरी बार बता रही हूँ," त्या म्हणाल्या. "इस बार बैठ के सुनिए."

अनंतराव बसले.