पत्ते बदलण्याचं काम

क्रांती चौकाजवळच्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस होतं. खाली चष्म्यांचं दुकान होतं, त्यामुळे पत्ता सांगायला सोपं जायचं. जिल्ह्यात पाण्याचे टँकर फिरत, आणि त्यांच्यावर बसवलेली यंत्रं आपण कुठं आहोत ते सतत कळवत राहत. ती माहिती आमच्याकडे येऊन पडायची. कोणता टँकर कोणत्या गावात गेला, तिथं किती वेळ थांबला, हे आमच्या प्रोग्रॅमनं त्यातून काढून द्यायचं. एका कॉम्प्युटरला एवढं झेपत नसे. आतल्या थंड खोलीत रॅकवर सर्व्हर ओळीनं लावलेले होते, ते सगळे मिळून काम वाटून घ्यायचे.

मी नवीन लागले तेव्हा नोकरी सोडून गेलेल्या एकाचा प्रोग्रॅम माझ्या गळ्यात पडला. मी तो चालवला. काम व्यवस्थित पूर्ण झालं असं स्क्रीनवर आलं. निकालाचं फोल्डर उघडलं तर आत एकच फाइल. तिचं नाव 'सक्सेस', आणि आत एक अक्षर नाही. पुन्हा चालवला, पुन्हा तेच. सकाळपासून दुपारपर्यंत मी त्या रिकाम्या फाइलीकडे बघत बसले होते.

दोन खुर्च्या सोडून एकजण बसायचा. बारीक, उंच, तोंडात कायम लवंग. त्यानं खुर्ची सरकवली आणि म्हणाला, "पाथ दाखवा बरं."

फाइल कुठं ठेवायची त्याचा जो पत्ता प्रोग्रॅमात लिहितात, त्याला पाथ म्हणतात. मी दाखवला.

"हा लोकल आहे," तो म्हणाला. "म्हणजे ज्या मशीनवर काम चाललंय तिनं स्वतःच्या डिस्कवर लिहायचं. प्रत्येकीनं आपला तुकडा आपल्याकडेच लिहून ठेवला. इथं काय येणार?"

"म्हणजे माझा निकाल गेला?"

"जातो कुठं? आहे ना. एके ठिकाणी नाही, एवढंच."

आम्ही दोघं त्या थंड खोलीत गेलो आणि एकेका सर्व्हरवर जाऊन तुकडे गोळा केले. ते करता करता त्यानं मला समजावलं. सगळ्या मशीनच्या डिस्क जोडून एक मोठं सामाईक कोठार केलेलं असतं. फाइलीचे भाग पाडून ते त्यात पसरून ठेवतात, आणि प्रत्येक भागाच्या प्रती दुसऱ्या मशीनवरही असतात, त्यामुळे एखादी बंद पडली तरी अडत नाही. त्या कोठारात लिहायचं तर पत्त्याची सुरुवात वेगळी करायची. फरक दोन-चार अक्षरांचा. त्यानं तो माझ्या प्रोग्रॅमात दुरुस्त केला आणि म्हणाला, "आता चहा पाजा." पुढची दोन वर्षं आम्ही बहुतेक रोज संध्याकाळी चौकातल्या टपरीवर चहा प्यायलो.

त्याचे वडील मेंढरं राखायचे. फर्दापूरच्या पलीकडे डोंगराच्या अंगाला त्यांची वाडी होती. पावसाळा सरला की वडील कळप घेऊन खाली खानदेशाकडे उतरत, आई वाडीवरचा तुकडा सांभाळी. आमच्याकडे आजोबा पौरोहित्य करणारे, वडील कोर्टात कारकून. आम्ही लग्न करणार असं मी घरी सांगितलं तेव्हा बाबा ओरडले नाहीत. चष्मा पुसत म्हणाले, "मुलगा चांगला आहे, ते मी नाकारत नाही. पण त्याची माणसं आणि आपली माणसं एका पंगतीत बसणार आहेत का, एवढंच सांग."

"मी बसेन," मी म्हणाले.

आम्ही रजिस्टर लग्न केलं. बाबा आले, सही केली, आणि जेवायला न थांबता गेले.

बीड बायपासला नव्या इमारती उठत होत्या. तिथं आम्ही फ्लॅट घेतला. इमारत उभी राहिली, पण नळ पोचला नव्हता. बोअर होतं, ते दुसऱ्याच उन्हाळ्यात आटलं. मग सोसायटीनं टँकर लावला. त्या वर्षी पाऊस फिरकला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. शहरात नळाला पाणी आठवड्यानं येऊ लागलं. आणि ऑफिसात आमचं काम वाढतच गेलं, कारण दुष्काळ वाढला की टँकर वाढत, आणि टँकर वाढले की फाइली. नवे सर्व्हर आले. आम्हाला पगारवाढ मिळाली. तेव्हा त्याचं फार काही वाटलं नाही.

एका दुपारी तो माझ्या टेबलाशी आला. "जरा हे बघ," म्हणाला. त्याच्या वाडीचा टँकर नकाशावर दिसत होता. रोज येत होता. पण वाडीत जात नव्हता, खाली डांबरी रस्त्यावर थांबून परत फिरत होता.

"रस्ता खराब असेल," मी म्हणाले.

"असेल. पण मग माय तिथनं वर डोक्यावर आणत असणार. मला फोनवर बोलली नाही."

त्याच आठवड्यात तो गाडी घेऊन गेला आणि आईला घेऊन आला. वडील मेंढरांबरोबरच थांबले. निम्म्याहून जास्त मेंढरं विकून झाली होती.

तो तिला माय म्हणायचा, म्हणून मीही माय म्हणू लागले. पहिले काही दिवस ती दाराशीच बसायची. लिफ्टला भ्यायची. कळप विकताना खाटकानं एका म्हाताऱ्या मेंढीला पाय धरून गाडीत टाकलं, ते तिनं मला परत परत सांगितलं. सांगताना रडायची नाही, फक्त हात तसा करून दाखवायची. हळूहळू घर तिनं ताब्यात घेतलं. टँकर आला की बादल्या भरण्याच्या रांगेत सोसायटीच्या बायकांशी तिची ओळख झाली. भांडी धुतलेलं पाणी तिनं कधी सांडू दिलं नाही, गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालायची. संध्याकाळी मी आले की तिनं माझ्यासाठी चहा ठेवलेला असायचा, आणि तो उकळून उकळून काळा झालेला असायचा.

"काय करती गं दिसभर त्या हापिसात?" तिनं एकदा विचारलं.

"तुमच्या वाडीचा टँकर कुठवर आला ते बघते."

ती हसली. "बघून काय व्हतंय? वर तर येत नाय."

ती भाकरी थापायला लागली.

माझी आई मी कॉलेजात असताना गेली. त्या फ्लॅटात माझ्या केसांना तेल लावायला कुणीतरी होतं, हे लिहिताना मला आजही हात थांबवावा लागतो. नवरा उशिरा यायचा. आम्ही दोघी जेवून घ्यायचो. टीव्ही लावायचो आणि बघायचो नाही. ती वाडीबद्दल बोलायची, मी ऐकायचे. तो आला की तिच्याशी दोन शब्द बोलायचा, माझ्याशी चार. दमतो, असं आम्ही दोघी एकमेकींना सांगायचो.

मग कंपनीनं पुण्याला जायचं ठरवलं. शहर वाढत होतं, पण आमच्या धंद्यातली माणसं आणि मोठी कामं तिकडेच होती. सर्व्हरची खोली बंद करायची, सगळी माहिती भाड्यानं घेतलेल्या दूरच्या साठ्यात हलवायची, असं ठरलं. तो साठा कुठल्या गावात होता हे आम्हाला कुणाला माहीत नव्हतं, माहीत असायची गरजही नव्हती. नवऱ्याला पुण्यातल्या टीमचा प्रमुख केलं. मी मागं राहून इथलं आवरायचं. जुन्या फाइली पाठवायच्या, आणि प्रत्येक प्रोग्रॅममधला पत्ता बदलून नवा घालायचा. पुढं मीही पुण्याला जाणार होते, मायही.

"थोड्याच महिन्यांचं आहे," बॅग भरताना तो म्हणाला. मायनं त्याला शेंगदाण्याची चटणी बांधून दिली.

सुरुवातीला तो दर शनिवारी यायचा. मग एकाआड एक. मग पुण्यात टीमला काम असायचं. रोज दुपारी मात्र आमचं बोलणं व्हायचं, कारण कामाचा कॉल असे. त्यावर पुण्याची बाकीची मंडळी असत.

"तालुक्यांच्या फाइली गेल्या?"

"गेल्या. गंगापूरच्या राहिल्यात."

"पत्ते बदलले?"

"हो. एका प्रोग्रॅमात जुना लोकल पाथ राहिला होता, तो सापडला."

"गुड. चेक करून मगच इथलं डिलीट कर."

असं आम्ही बोलायचो. आवाज तोच होता. सगळ्यांसमोर तो मला अहो-जाहो करायचा नाही, नावानंही हाक मारायचा नाही. नुसतं कामाचं विचारायचा. कॉल संपला की मी फोन हातात धरून थोडा वेळ बसायचे. तो वेगळा फोन करेल असं वाटायचं. कधी कधी यायचाही. "माय कशी आहे?" विचारायचा. मी कशी आहे हे मायला विचारत असेल, अशी मी समजूत करून घेतली होती. एकदा मायलाच विचारलं. ती म्हणाली, "इचारतो की." आणि आत निघून गेली. तिला खोटं बोलता येत नसे.

काम संपत आलं तेव्हा एका कॉलच्या शेवटी मी बाकीचे जाईपर्यंत थांबले. तोही थांबला होता.

"पुढच्या आठवड्यात खोली रिकामी होईल," मी म्हणाले. "मी आणि माय कधी यायचं? तिकडं घर बघितलंस का?"

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला, मग दार लावल्याचा.

"येऊ नकोस," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"मला तुझ्याबद्दल काही तक्रार नाही. पण मला परत एकत्र राहायचं नाही. मी सांगायचं टाळत होतो."

"दुसरं कुणी आहे?"

"इकडं आलो तेव्हा नव्हतं," तो म्हणाला.

आतल्या खोलीतल्या एसीचा आवाज येत होता. मग त्यानं विचारलं, "गंगापूरच्या फाइली झाल्या का?" सवयीनं विचारलं असावं. मी "झाल्या" म्हणून सांगितलं. आणि मग आम्ही दोघांनीही फोन ठेवला.

घरी माय तांदूळ निवडत होती. मी चप्पल न काढताच तिच्यासमोर खाली बसले आणि सांगितलं. तिनं सूप बाजूला ठेवलं. ती त्याला बोल लावील, शिव्या देईल, असं मला वाटत होतं. तसं झालं असतं तर बरं वाटलं असतं. तिनं माझं डोकं मांडीवर घेतलं.

"मला ठावं व्हतं, बाई," ती म्हणाली. "दिवाळीला आला तवाच ठावं झालं. तुला कसं सांगू?"

ती आणखी महिनाभर माझ्याकडे राहिली. तो तिला पुण्याला न्यायला आला नाही, ती गेलीही नसती. पाऊस झाला, बरा झाला, आणि सासरे तिला न्यायला आले. दाराबाहेरच उभे राहिले. मी पाणी दिलं ते घेतलं. "पोराचं चुकलं," एवढंच माझ्याकडे न बघता म्हणाले. मायनं जाताना कढीपत्त्याला पाणी घातलं, आणि माझ्या कपाळाला हात लावून त्यांच्या मागं जिना उतरून गेली. लिफ्टनं गेली नाही.

सर्व्हर काढून नेले तेव्हा मीच हजर होते. माणसांनी वायरी ओढून काढल्या, रॅक आडवे केले. सगळी माहिती पोचली होती, एकही फाइल हरवली नव्हती. वरिष्ठांनी मेल करून कौतुक केलं. मी राजीनामा दिला. पुढं चिकलठाण्याला एका कारखान्यात नोकरी धरली, तिथं अजून आहे. घटस्फोट दोघांच्या संमतीनं झाला. बाबा कोर्टात माझ्याबरोबर आले होते. त्यांना तिथला कोपरा न् कोपरा ठाऊक होता. या वेळी मात्र ते जेवायला थांबले. त्यांनी माझ्या ताटात दुसऱ्यांदा भात वाढला.

त्यानंतरच्या हिवाळ्यात एका रविवारी मी एसटीनं फर्दापूरला गेले. डांबरी रस्त्यावरून वाडीपर्यंत चालत गेले. माय अंगणात होती. मला बघून तिचा चेहरा फुलला आणि लगेच काहीतरी आठवल्यासारखा मिटला. तिनं कुळथाचे शेंगोळे केले. मी जेवले. कोवळी कोकरं आली होती, ती दाखवली.

मग चुलीपुढं बसून ती म्हणाली, "त्याचं लगीन ठरलंय. पुण्याचीच हाय पोरगी."

"मला माहीत नव्हतं."

"संक्रांतीला येतीया इथं. तिला कळलं तू येतीस, तर तिच्या जीवाला कसं वाटंल?" तिनं लाकूड आत सारलं. "तू येत नको जाऊस, बाई. मी रागानं नाय म्हणत."

"व्हय, माय," मी म्हणाले. मी तिच्यासारखं बोलले ते माझ्या लक्षातही आलं नाही. तिच्या आलं, आणि तिनं तोंडाला पदर लावला.

ती माझ्याबरोबर रस्त्यापर्यंत आली. बसला उशीर होता. लेणी बघून परत निघालेल्या लोकांच्या गाड्या धुरळा उडवत जात होत्या. आम्ही दोघी कडेला उभ्या होतो. बस दिसली तेव्हा तिनंच हात केला, माझी पिशवी वर दिली आणि म्हणाली, "नीट जा." बस गच्च भरलेली होती. मागं वळून बघायलाही जागा नव्हती. सिल्लोड येईपर्यंत मी उभीच होते.