सायत्राबाईंचा मोह

सायत्राबाई मुलीच्या सरावाला रोज हजर असत, पण मुलीकडे पाठ करून.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं तेही पाठमोरंच. सावली तालुक्यातल्या एका गावच्या शाळेत माझी बदली झाली होती आणि मी राहायला खोली शोधत होतो. पानठेल्यावरच्या माणसाने सांगितलं, "सायत्राबाईले इचारा गुरुजी. आता खदानीत असन ते, पोरीसंग." गावाबाहेर मुरमाची एक जुनी, बंद पडलेली खदान होती. तिच्या एका अंगाला गावाचं शिवार आणि दुसऱ्या अंगाला लागूनच जंगल. इंजिनाचा आवाज धरून मी तिथे पोचलो. खाली खड्ड्यात एक सडपातळ मुलगी मोटारसायकल मुरमाच्या ढिगावरून हवेत उडवत होती, पलीकडे उतरत होती, वळसा घेऊन पुन्हा येत होती. वरच्या काठावर एक बाई उभ्या होत्या. नऊवारी गुडघ्याच्या वर खोचलेली, हातात वेळूची काठी, तोंड जंगलाकडे. दोन मैल चालून माझे पाय दुखत होते, म्हणून मी एका दगडावर टेकायला वाकलो.

"बसू नोका," त्या मागे न वळता म्हणाल्या. "वाकलेला मानूस त्याले जनावर वाटते."

'तो' कोण, हे मला विचारावं लागलं नाही. मी उभा राहिलो. दिवस कलायला लागला तेव्हा मुलीने गाडी बंद केली आणि त्यासरशी सगळीकडे अशी शांतता झाली, की मला माझा श्वास ऐकू येऊ लागला. सायत्राबाई पहिल्यांदा वळल्या. "चला लवकर. इंजन चालू आहे तवरी तो दूर राह्यते. चूप झालं का पाहाले येते, काय होतं म्हनून."

त्या संध्याकाळी त्यांनी मला खोली दिली. सिमेंटची, पत्र्याची, पंखा असलेली. दोन महिन्यांनी मला कळलं, की त्या घरातली ती एकच पक्की खोली होती. मायलेकी मागे बैलांच्या कोठ्यात झोपत होत्या. बैल केव्हाच विकलेले होते.

त्या घराची कथा गावात सगळ्यांना माहीत होती, फक्त मोठ्याने कोणी सांगत नसे. सायत्राबाईंचे यजमान नागोजी बोडीतले, म्हणजे शेताजवळच्या लहान तळ्यातले, मासे मोटारसायकलवरून सावलीच्या बाजारात नेत. मुलगी प्रणाली आधी त्यांच्यामागे, नंतर त्यांच्यापुढे बसून गाडी शिकली. धानाच्या बांध्यांमधल्या हातभर रुंद धुऱ्यांवरून ती गाडी पळवायची. ती दहावीत असताना, मोहफुलं वेचायच्या दिवसांत, नागोजी पहाटे जंगलात गेले. एका मोठ्या मोहाखाली वाकून फुलं वेचताना वाघाने त्यांना मागून धरलं. सोबतच्या लोकांनी ओरडून सोडवलं आणि एकजण गावाकडे धावला. जंगलात ना रस्ता, ना नेटवर्क. प्रणालीने गाडी घेतली, ओढे आणि धुरे तुडवत मोहापाशी पोचली, वडिलांना मध्ये बसवलं, मागे चुलत्याने त्यांना धरलं, आणि तशीच ती सावलीच्या दवाखान्यात गेली. नागोजी तिथे अर्धा तास जगले. शुद्धीवर होते, पोरीशी बोललेही.

"तो अर्धा घंटा तिनं कमावला," सायत्राबाई म्हणायच्या. "दुसऱ्या कोनाच्या हातात गाडी असती, त पोरीले त्याइचं बोलनंही भेटलं नसतं."

वनखात्याकडून नुकसानभरपाई आली. सगळ्या गावाने सल्ला दिला: घर बांधा, पोरीच्या लग्नासाठी बँकेत ठेवा. त्याच हिवाळ्यात शंकरपटाच्या मैदानावर, बैलांच्या शर्यती झाल्यावर, पोरांनी हौसेने चिखलात मोटारसायकली पळवल्या. प्रणालीही उतरली. बापाच्या त्या मासळीचा वास येणाऱ्या गाडीवर ती सगळ्यांच्या पुढे आली. नागपूरहून पट पाहायला आलेल्या एका गृहस्थांनी, जे स्वतः कधीकाळी शर्यती खेळले होते, आईला गाठून सांगितलं, "हिच्यात कला आहे, पण या गाडीने मान मोडेल. शर्यतीची गाडी लागेल."

सायत्राबाईंनी भरपाईच्या पैशांतून ती घेतली. ट्रकमधून गाडी उतरली तेव्हा गाव जमलं होतं. लाइट नाही, हॉर्न नाही, नंबर नाही, मागे सीट नाही. "हे कायची गाडी?" लोक म्हणाले. आणि मग एका म्हातारीने हळूच म्हटलं, "नागोजीची." त्यानंतर त्या गाडीला गावात कोणी हात लावला नाही. मुलं जवळ जात नसत. सायत्राबाई मात्र तिला कोठ्यात आपल्या अंथरुणाच्या उशाशी उभी करत.

अशा खेळाला किती लागतं, हे मला त्या घरात राहूनच कळलं. टायर दोन-तीन शर्यतींत संपतात. इंजिन उघडावं लागतं. बूट, मानेचा पट्टा, गाडी वाहून न्यायला टेम्पो, परगावचं राहणं. भरपाई टायरांसारखीच झिजून गेली. मग बैल गेले, बोडीलगतची धानाची बांधी गेली, सायत्राबाईंच्या गळ्यातली सोन्याची मणिमाळ गेली. त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, शिबिरात फुकट ऑपरेशन होईल असं मी म्हटलं, तर म्हणाल्या, "महिनाभर जंगलात जाता येनार नाई म्हनते डॉक्टर. मोहाचे दिवस निघून जातीन."

तेव्हा मी प्रथमच विचारलं, की तुम्ही मोह कुठे वेचता. गावातल्या बाया घोळक्याने जात. सायत्राबाई त्यांच्यात कधी दिसत नसत, आणि त्यांच्या अंगणात मात्र गावातल्या कुठल्याही घरापेक्षा जास्त फुलं वाळत पडलेली असत.

"उद्या चला," त्या म्हणाल्या.

आम्ही तांबडं फुटताना निघालो. प्रणाली त्या दिवसांत नागपूरला, पटात भेटलेल्या त्या गृहस्थांकडे, सरावाला होती. अर्धा तास चालल्यावर एक प्रचंड मोह दिसला. पानं झडलेली, फांद्याफांद्यांवर फुलांचे घोस, आणि खाली पिवळट फुलांचा असा थर, की मातीच दिसत नव्हती. वास गोड, जड, डोकं धरणारा. फुलं एकेक करून पडत होती, टप, टप. बाकी काही आवाज नव्हता, एक पाखरूसुद्धा नाही.

"इथी कोनी येत नाई," सायत्राबाई म्हणाल्या. "म्हनून सारं मलेच."

मला कळलं, हे कोणतं झाड आहे ते.

वेळूच्या लांब दांड्याला बांधलेल्या टोपलीने त्या न वाकता फुलं ओढू लागल्या, आणि बोलू लागल्या. आधी मला वाटलं, माझ्याशी. "समोरचं टायर गेलं हो. इंजनही आवाज करून राह्यलं. नागपूरवाले सर म्हनतेत, पोरगी बरी करून राह्यली. खांदा दुखते म्हने, मले सांगत नाई." मधूनच त्या थांबत, मान किंचित कलती करून ऐकत, "हो" म्हणत, आणि पुढचं बोलत. त्यांच्या आवाजात शोक नव्हता. घरात चुलीपाशी बसून नवऱ्याला दिवसाचं सांगावं, तसं ते बोलणं होतं. मी झाडाच्या बुंध्याकडे पाहणं टाळत होतो.

टोपली अर्धीही भरली नव्हती, तोच त्या थबकल्या. "गुरुजी, चला. ते म्हनतेत, निघा."

"कोण?"

"चला न."

आम्ही निघालो. मी मागे पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशी त्या एकट्या जाऊन आल्या आणि मला म्हणाल्या, की आपल्या कालच्या पावलांवर त्याचे पंजे उमटले आहेत. तुमच्या चपलेच्या ठशावर बरोबर एक. मी शिकलेला माणूस. वानरांचा इशारा, पाखरांचं गप्प होणं, बाईंच्या कानांना ते आमच्याआधी कळत असणार, असं मी स्वतःला समजावलं. पण त्या सकाळी तिथे वानरं नव्हती, हेही मला ठाऊक होतं.

"पोरीले सांगू नोका," त्यांनी मला बजावलं. "तिले वाटते, मी बायाइसंग जातो."

दोन हंगाम मी हे पाळलं. नागपूरच्या एका शर्यतीला मी सायत्राबाईंसोबत गेलो होतो. हजारो माणसं ट्रॅककडे पाहत होती आणि त्या एकट्या कुंपणापलीकडच्या बाभळींकडे तोंड करून उभ्या होत्या. प्रणाली मुलींमध्ये दुसरी आली. लोक ओरडले. मी म्हटलं, "बाई, इथे वाघ नाही हो." त्या म्हणाल्या, "मले माहीत आहे. पन मान वळत नाई." मला हसू आलं होतं, ते तिथेच थिजलं.

तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीलाच शेजारच्या गावात दोन बायका वाघाने मारल्या. दुसऱ्या आठवड्यात गुराखी गेला. लोकांनी जंगल सोडलं. सायत्राबाई मात्र जातच राहिल्या, कारण प्रणालीच्या गाडीचं इंजिन फुटलं होतं आणि देशभरातल्या मुली येणार होत्या अशा शर्यतीला दीड महिना उरला होता. मला रात्री झोप लागेना. शेवटी मी नागपूरला फोन करून प्रणालीला सगळं सांगितलं.

ती दुसऱ्याच दिवशी आली. आई अंगणात मोहफुलं पसरत होती. प्रणालीने पायातल्या बुटांनीच ती फुलं बाजूला सारली.

"कोनत्या झाडाचे आहेत हे?"

सायत्राबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, दमलेल्या नजरेने.

"मी खेळ सोडला," प्रणाली म्हणाली. "गाडी इकून टाकू. बाप गेला त्या झाडाखाली, आता तूही जाय. आन मी त्या पैशाचे टायर घालून पहिली येऊ?"

"तुले वाटते, मी तुह्यासाठी जातो?"

"मंग कोनासाठी?"

सायत्राबाई खाली बसल्या आणि सांडलेली फुलं गोळा करू लागल्या. "दवाखान्यात तुवा त्याइले नेलं, ते तुह्याशी बोलले. मी पोचलो तवा बोलनं सरलं होतं. मले काय सांगाचं होतं, ते राहून गेलं. रक्त त्या झाडाखाली सांडलं पोरी. तिथी बोलतेत ते. टायर त एक बहाना आहे."

प्रणालीच्या चेहऱ्यावरचा राग उतरला आणि त्या जागी भीती आली. तिने वाघापेक्षा जास्त भिऊन आपल्या आईकडे पाहिलं, असं मला वाटलं. पण ती त्या रात्री आईच्या अंगावर हात टाकून झोपली आणि पहाटे तिच्यासोबत मोहाखाली गेली. परत आल्यावर मी विचारलं. "मले काई ऐकू आलं नाई," ती म्हणाली. "पन आई थांबायची न ऐकाले, तेवढा येळ फुलं पडनं बंद होत होतं, गुरुजी. मी मोजलं." एवढं बोलून ती आत गेली.

आठ दिवसांनी वनखात्याने त्या वाघाला भूल देऊन पकडलं. पिंजरा गावातून गेला तेव्हा लोकांनी फटाके वाजवले. सायत्राबाई दारात आल्या नाहीत. दुसऱ्या पहाटे त्या मोहाखाली गेल्या आणि उन्हं चढल्यावर परतल्या, डोक्यावर काठोकाठ भरलेली टोपली घेऊन. त्या झाडाखालून भरली टोपली आलेली मी पहिल्यांदाच पाहत होतो. ती त्यांनी ओसरीवर ठेवली आणि भिंतीला टेकून बसल्या.

"आज कोनी निघा म्हटलं नाई," त्या म्हणाल्या.

नंतरही त्या आठ-दहा वेळा गेल्या. पुढे गेल्या नाहीत. गावातल्या बायाच आता त्या मोहाखाली घोळक्याने जाऊ लागल्या, हसत, एकमेकींना हाका मारत. इंजिन दुरुस्त झालं. प्रणाली त्या मोठ्या शर्यतीत तिसरी आली आणि एका गाडी बनवणाऱ्या कंपनीने तिला टायर, गाडी, प्रवास, सगळं द्यायचं कबूल केलं. ज्यासाठी घर रिकामं झालं होतं, ते मिळालं. सायत्राबाईंनी पेढे वाटले. आणि मग एक दिवस मला विचारलं, "त्या वाघाले नागपूरजवळ ठेवलं म्हनतेत. वाघानं मारलेला मानूस त्याच्यासंगच जाते, असंही म्हनतेत. तुमी नेता का मले?"

आम्ही गेलो. पकडलेले वाघ ठेवतात तिथे बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. उंच भिंत होती, तिच्या बाजूने पायवाट. सायत्राबाई भिंतीला हात लावत चालत राहिल्या. एका ठिकाणी थांबल्या. आतून धाप टाकल्यासारखा एक खोल आवाज आला, एकदाच. त्या कान देऊन उभ्या होत्या. दुपार टळली, पहारेकऱ्याने दोनदा हटकलं, तरी त्या हलल्या नाहीत.

"इथी नाईत ते," शेवटी त्या म्हणाल्या.

मी विचारलं, "मग कुठे असतील?"

"गेले असतीन. सारं आयकून झालं होतं त्याइचं. मीच धरून ठेवलं होतं."

बाहेरच्या टपरीवर त्यांनी चहा घेतला आणि दुसरा मागितला. एसटीत खिडकीपाशी बसल्या आणि गाडी नागपूर सोडायच्या आत त्यांना झोप लागली. पाच वर्षं एका घरात राहून मी त्यांचे डोळे मिटलेले कधी पाहिले नव्हते. तोंड किंचित उघडं, हात मांडीवर सैल पडलेले. एकाएकी त्या फार म्हाताऱ्या आणि फार साध्या दिसू लागल्या. आमचं उतरायचं ठिकाण, सावली, आलं तेव्हा कंडक्टरने हाक दिली. मी त्यांना उठवणार होतो. पण पुढे गाडी चामोर्शीपर्यंत जात होती, म्हणून मी दोघांची पुढची तिकिटं काढली आणि त्यांना झोपू दिलं.