टकलावरच्या चापट्या

परवा नातीच्या फोनवर ती जुनी विलायती गंमत दिसली आणि माझं डोकं तडकलं. एक जाडा माणूस बुटक्या म्हाताऱ्याच्या टकलावर पटापट चापट्या मारतो आणि लोक हसतात. मी कुवेतमध्ये जहऱ्याला एका कंपनीच्या मेसमध्ये खानसामा होतो, तेव्हा तिथं याचीच कॅसेट लागायची. मोठ्या साहेबाला तो नादच लागला. मी चहा ठेवायला वाकलो की माझ्या टकलावर टपाटप, आणि सगळं टेबल हसायचं. गावात माझ्यासमोर कुणी आवाज चढवत नसे. पण तिथं माझा आणि बायको-मुलीचा राहायचा परवाना साहेबाच्या सहीवर, म्हणून मीही हसायचो. ईदला बायको आणि सहा वर्षांची मुलगी मेस बघायला आल्या, तर त्यांच्यासमोरही त्यानं तेच केलं. मुलगी खिदळत खुर्चीवर चढली. "अब्बा, आता मी!" म्हणाली आणि तिनंही मारली. मी तिच्या अशी कानाखाली वाजवली की तिचा ओठ फुटला. बायको म्हणाली, "तिला कशाला? हात एवढा चालतो तर त्याच्यावर चालवा की!" मुलगी मोठ्यानं रडत होती, म्हणून साहेबाला मी लगेच "सॉरी सर" म्हणालो. मुलीला आजवर म्हणालो नाही.