प्रिंटर दुपारीच का ऑफलाइन जायचा

मित्रांनो, आठवडाभर आमचा वायफाय प्रिंटर रोज दुपारी ऑफलाइन जाऊन राहिला होता. लॅपटॉपवर नेट चालू, प्रिंटर मात्र गायब. ड्रायव्हर दोनदा टाकला, पासवर्ड बदलला, त्याच्या पाठीवर चापट्याही मारल्या. अर्ध्या तासानं तो परत यायचा आणि मला वाटायचं, मीच दुरुस्त केला!

आज पोरीचं उद्याच्या परीक्षेचं हॉलतिकीट काढायला बसलो, तर पुन्हा तेच. वैतागून खोलीबाहेर आलो. पॅसेजमध्ये वायफायचा सिग्नल वाढवणारी डबी लावलेली असते; लॅपटॉपला थेट राउटरचा सिग्नल मिळतो, प्रिंटर मात्र या डबीवरच चालतो. ती काढून बाबा त्याच सॉकेटमध्ये पाण्याची मोटर लावत होते.

"बाबा, हे काहून काढलं?"

"कूलरमध्ये पाणी भरून राहिलो ना गा. भरलं की लावतो परत."

"कोणत्या कूलरमध्ये?"

"तुह्याच खोलीतल्या. दिवसभर तिथं बसून काम करतं तू. मले काय, मी पंख्याखाली झोपतो."

हॉलतिकीट निघालं. संध्याकाळी सक्करदऱ्याच्या बाजारातून एक्स्टेन्शन बोर्ड आणला.

पण आठवडाभर मी त्याच गार हवेत बसून प्रिंटरला शिव्या घालत होतो. कूलरमध्ये पाणी कुठून येतं, हे एकदाही डोक्यात आलं नाही.

तुमच्या घरचा कूलर कोण भरतं?