तिसऱ्या रांगेतली वही

फिनाइलचा वास आला की घमापूरच्या बुद्धविहारातल्या माझ्या कार्यक्रमाची ती संध्याकाळ आठवते. तेव्हा मी रॅप लिहून मोबाइलवरच रेकॉर्ड करायचो, आणि त्यातलं एक गाणं गटारात गुदमरून मेलेल्या सफाई कामगारावर होतं. ते गाजल्यावर दोन अनोळखी माणसं घरी येऊन 'किसके कहने पे लिखते हो?' असं विचारून गेली, तेव्हापासून मला नवा चेहरा दिसला की तो खबऱ्याच वाटायचा. त्या दिवशी तिसऱ्या रांगेत असाच एक जण बसला होता. टाळी नाही, हसू नाही, मांडीवर वही घेऊन माझी ओळ न ओळ उतरवून घेत होता. म्हणता म्हणता जवळून गेलो तर त्याच्या अंगाला फिनाइलचा वास, थेट पोलीस चौकीसारखा. मी घाबरलो, गटाराचं गाणं गाळलं आणि नर्मदेवरचं गोडगोड काहीतरी म्हणून मंचावरून उतरलो. तो दाराशी उभाच. मीच आधी खेकसलो, "काय लिहून राहिले जी? कोणी पाठवलं?" "आईनं," तो म्हणाला. "तिले ऐकू येत नाही, वाचता येते. दवाखान्यातली सफाई आटपून सरळ आलो, भैया. त्या गटाराच्या गाण्यात माझ्या भावाचं नाव आहे ना? मग काहून नाही म्हटलं?" मी तेव्हाही ते म्हटलं नाही. खरं सांगतो, तेव्हाही मला वाटलं, हा खोटं बोलून राहिला. आता ते गाणं मी सगळीकडे पहिलं म्हणतो, आणि म्हणताना तिसऱ्या रांगेत वही शोधत राहतो.