विकलेल्या ॲपची चावी

नोकरीतली पुष्कळ प्रकरणे आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कोणत्या चोरीत कोणता आरोपी होता, हे सांगताना माझा हमखास गोंधळ होतो. एक प्रकरण मात्र पहिल्या अर्जापासून शेवटच्या सहीपर्यंत आजही जसेच्या तसे आठवते. निम्मी चौकशी होईपर्यंत नेमके काय गेले आहे आणि कुणाचे गेले आहे, हेच मला कळले नव्हते.

मी तेव्हा हिंगोली जिल्ह्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. निवृत्ती जवळ आली होती. सकाळची हजेरी आटोपून खुर्चीत बसतो न बसतो तोच ठाणे अंमलदार आत आले. त्यांच्यासोबत गुजरातेतून आलेला एक व्यापारी आणि त्याचा वकील होते. व्यापाऱ्याचे म्हणणे थोडक्यात असे, की इंटरनेटवर आता एक नवा बाजार निघाला आहे आणि तिथे तयार मोबाइल ॲप विकत मिळतात. ज्याने ॲप बनवले तो ते मांडतो, ज्याला चालवायचे तो घेतो. या व्यापाऱ्याने तिथून आमच्या हद्दीतल्या एका मुलीचे ॲप घेतले होते. हिंगोली आणि वसमतच्या बाजारातले हळदीचे रोजचे भाव त्यात दिसत. पैसे मुलीला पोचले, ॲप व्यापाऱ्याच्या नावावर झाले, पण ॲपची चावी काही आली नाही. चावीशिवाय त्याला ॲपमध्ये कसलाही बदल करता येईना. मुलीने फसवले, आता जास्तीचे पैसे उकळण्यासाठी ती चावी दाबून बसली आहे, गुन्हा दाखल करा, असा त्याचा आग्रह होता.

आमचे ठाणे अंमलदार मुरलेले गृहस्थ. त्यांनी कागद पुढे ओढला आणि चावी पितळी की लोखंडी, असे विचारले. वकिलाने चष्मा काढून पुसला. चावी म्हणजे संगणकातली एक फाइल असते आणि ती पेन ड्राइव्हमधून यायची होती, असे त्याने समजावून सांगितले. मग अंमलदारांनी विचारले, ॲप सध्या आहे कुठे? व्यापारी म्हणाला, माझ्याकडे. मुलीकडे? तिच्या मोबाइलमध्येही आहे. आणखी कुठे? व्यापारी म्हणाला, गावोगावच्या शेतकऱ्यांच्या मोबाइलमध्ये आहे. अंमलदारांनी पेन खाली ठेवले.

"साहेब," ते मला म्हणाले, "माल सगळ्यांकडंच हाय. मग गेला कुणाचा?"

 माझी सगळी नोकरी मोटारसायकली, मोटारपंप, दागिने आणि बकऱ्या शोधण्यात गेलेली. त्यात माल एकाकडून जातो आणि दुसऱ्याकडे सापडतो, एवढे तरी ठरलेले असते. मी जिल्ह्याच्या सायबर शाखेला फोन लावला. तिथल्या तरुण अधिकाऱ्याने मला तीनदा समजावले. तिसऱ्यांदा मी 'कळले' म्हणालो, कारण चौथ्यांदा विचारायची लाज वाटली. लगेच गुन्हा दाखल न करता आधी अर्जाची चौकशी करा, असा सल्लाही त्याने दिला. तो मात्र मला पहिल्या फटक्यात समजला.

एक गोष्ट मला याहून जास्त टोचत होती. अर्जातले मुलीचे नाव ओळखीचे वाटले म्हणून मी टेबलावरचे कागद चाळले, तर त्याच नावाचा चारित्र्य पडताळणीचा अर्ज माझ्या सहीसाठी पडला होता. मुलीची कोकणातल्या एका सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून निवड झाली होती. तिच्या नेमणुकीचा कागद आमच्या अहवालावर अडला होता. गुन्हा दाखल झाला तर तो अहवालात लिहावा लागणार, आणि लिहिला की नोकरी गेली. एका टेबलावर दोन कागद, आणि दोन्हींवर माझीच सही हवी. व्यापारी औंढ्याच्या लॉजवर उतरला. परवापर्यंत वाट पाहतो, नाहीतर थेट पोलीस अधीक्षकांकडे जातो, असे तो बजावून गेला.

बाईमाणसाला चौकशीसाठी ठाण्यात बोलावता येत नाही. म्हणून महिला अंमलदाराला सोबत घेऊन मीच शिरड शहापूरच्या अंगाला असलेल्या तिच्या गावी गेलो. मुलगी चोविसेक वर्षांची, कपड्याला हळदीचे डाग, कारण घरात हळद शिजवून वाळवायचे काम चालले होते. ती घाबरली होती, पण उत्तरे सरळ देत होती. सरकारी नोकरीत गेल्यावर खाजगी धंदा चालत नाही, म्हणून ॲप विकायला काढले, असे तिने सांगितले. चावी मेलने पाठवू नका, कुरिअरने पाठवा, असे व्यापाऱ्याचेच म्हणणे होते. तिने विक्रीच्या कराराचा कागद आणि पेन ड्राइव्ह एका पाकिटात घातला. त्या दिवशी तिला कागदपत्रे तपासायला हिंगोलीला जायचे होते, म्हणून पाकीट वडिलांकडे दिले. वडिलांनी ते औंढ्याला कुरिअरवाल्याकडे नेऊन दिले. व्यापाऱ्याला पाकीट मिळाले, त्यात कागद होता आणि पेन ड्राइव्ह नव्हता. दुसरी प्रत आहे का, असे विचारले तर म्हणाली, दुसऱ्याची वस्तू झाली, आता आपल्याकडे प्रत ठेवणे बरे नव्हे, म्हणून संगणकातून मी ती पुसून टाकली.

हे सगळे बोलणे चालले असताना तिचे वडील गोठ्याच्या दारात बसून होते. त्यांनी आम्हाला चहा दिला, महिला अंमलदाराला बसायला खाट सरकवली, आणि उन्हाच्या त्रासाबद्दल दोन शब्द बोलले. धोतर, डोक्याला मुंडासे, हातात विडी. मोबाइल ॲपच्या प्रकरणात त्यांना काय विचारायचे, असे मला वाटले.

मग मी तपास नेहमीच्या वाटेने नेला आणि कुरिअरवाल्याला धरले. तो औंढ्यात एका पत्र्याच्या दुकानात बसतो. पाकीट मी उघडले नाही, म्हातारबाबांनी चिकटपट्टी लावूनच आणले होते, असे तो नागनाथाची शपथ घेऊन सांगत होता. मी आवाज चढवला, तसा तो रडायला लागला. चोर रडतात आणि निरपराधही रडतात, पण दोघांच्या रडण्यात फरक असतो. चोर रडताना अधूनमधून समोरच्याच्या तोंडाकडे पाहतो. हा बिचारा पायांकडेच पाहत होता. मी त्याला घरी पाठवले आणि गोंधळ आणखी वाढला. मुलगी खरे बोलते, कुरिअरवाला खरे बोलतो, व्यापारी खोटे बोलायला इतक्या लांबून येणार नाही. मग पेन ड्राइव्ह गेला कुठे?

दुसऱ्या दिवशी दुपारी माझा एक जुना खबऱ्या आला. गुरांच्या बाजारातला दलाल. याला जनावरांपेक्षा माणसांच्या व्यवहारात जास्त रस. त्याने सांगितले, की मुलीचे वडील चहाच्या हॉटेलात हसत हसत म्हणत होते, "गिऱ्हाईक ॲप घिऊन गेलं, पर असल चीज माझ्या घरी हाय. मागून मागून थकंल अन् गप बसंल."

मला वाटले, सापडला धागा. बापाने मुलीच्या मागे डाव रचला, आणि गरीब चेहऱ्याला मी फसलो. लगेच जीप पाठवून त्यांना बोलावून घेतले. मुलगी मागे राहायला तयार नव्हती, तीही आपणहून आली. मी दोघांना समोर बसवले आणि आवाज शक्य तेवढा कडक करून सुरुवात केली. पाकिटात काय होते?

"कागद, अन् ती काळी काडी," ते म्हणाले.

"कुरिअरला काय दिलं?"

"कागद."

"आणि काडी?"

"काढून ठिवली. घरी हाय."

मी पुष्कळ कबुलीजबाब ऐकले आहेत. कबुली देणाऱ्याला घाम फुटतो, घसा कोरडा पडतो. या माणसाने आज बाजारातून मीठ आणले म्हणावे तसे सांगितले. मुलगी उठून उभी राहिली. मी विचारले, काहून काढलीत?

ते माझ्याकडे नवलाने बघू लागले. "काहून म्हंजे? साहेब, तुमी कधी जनावर इकलं न्हाई का? जनावर इकताना दावं सोडून घ्यायचं असतं. गिऱ्हाइकानं आपलं दावं आणायचं. दाव्यासंगं गोठ्याची बरकत जाती. गिऱ्हाईक मागतच असतं, म्हून का द्यायचं?"

तरीही मला कळेना, की पेन ड्राइव्हचा आणि जनावराच्या गळ्यातल्या दाव्याचा संबंध कुणी लावला. मुलीने कपाळाला हात लावला. तो संबंध तिनेच लावला होता. पाकीट तयार करताना वडिलांनी विचारले होते, ही काडी कशाची. बापाला समजेल अशा भाषेत तिने सांगितले, "अण्णा, हे ॲपचं दावं समजा. हे ज्याच्या हातात, ॲप त्याच्या हुकमात." समजावणे इतके नेमके होते, की म्हाताऱ्याने तसेच केले. पाकीट बराबर दिले का, असे तिने नंतर विचारले, तर ते 'व्हय' म्हणाले. पाकीट त्यांनी बराबरच दिले होते. व्यापाऱ्याचे फोन येत होते ते त्यांना गिऱ्हाइकाची नेहमीची चिवट घासाघीस वाटत होती.

मला हसू आवरेना. डाव नाही, लोभ नाही, गुन्हाही नाही. मी व्यापाऱ्याला लॉजवरून बोलावले आणि हा रिवाज त्याला हिंदीत समजावून सांगितला. तो काही हसला नाही. "साहब, रिवाज अपनी जगह. मुझे चाबी चाहिए," एवढेच म्हणाला. त्याचे काही चुकत नव्हते.

मला वाटले, आता काका, म्हणजे मुलीचे वडील, उठतील आणि काडी आणून देतील. पण ते हलले नाहीत. सौदा मोडा म्हणाले, पैसे परत घ्या, पण दावे देणार नाही. व्यापारी सौदा मोडायला तयार नव्हता. मी समजावले, मग रागावलो. चारित्र्य पडताळणीचा कागद त्यांच्यासमोर टेबलावर ठेवला आणि सांगितले, की तुमच्या हट्टापायी मुलीची नोकरी जाईल. ते कितीतरी वेळ त्या कागदाकडे पाहत राहिले. त्यांना वाचता येत नव्हते.

मग ते हलक्या आवाजात म्हणाले, "साहेब, ॲप गेलं. ही बी चालली कोकणात. कुठं हाय ते कोकण, मला ठावं न्हाई. घरात हिचं काय ऱ्हाईल मंग?"

म्हणजे बरकत निमित्त होती. इतका वेळ मी एका विक्रीच्या भांडणाचा तपास करत होतो आणि समोर बसलेला माणूस भलत्याच गोष्टीचा हिशेब मांडत होता. मी पडताळणीचा कागद त्यांच्यासमोरून उचलून घेतला. वकील खिडकीबाहेर बघू लागला.

मुलगी त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसली. "अण्णा, ॲप इकलं. ते करणारं डोकं न्हाई इकलं. ते कुठंबी गेलं तरी तुमच्याच घरचं हाय."

त्यांनी मुंडासे काढून तोंड पुसले, आणि चला म्हणाले.

आम्ही जीपने गावी गेलो. गोठ्यात कुडाच्या भिंतीला एक खुंटी होती, तिच्यावर आजवर विकलेल्या गाई-बैलांची दावी टांगलेली. त्यांच्यात लाल दोऱ्याला बांधलेला पेन ड्राइव्ह. त्याला हळद-कुंकूही लावले होते. सोडायला गेले तर गाठ सुटेना, मुलगी पुढे झाली तर तिला त्यांनी हाताने अडवले आणि दाताने गाठ सोडवली. व्यापाऱ्याने तिथल्या तिथे लॅपटॉपवर फाइल तपासली आणि मान डोलावली. अर्ज मागे घेत असल्याचे त्याने लिहून दिले, म्हणजे मुलीच्या पडताळणीची अडचणही मिटली. फाइलची एक प्रत आपल्यासाठी काढून घ्यावी असे मुलीच्या मनातही आले नाही.

राहिला काकांचा जबाब. खाटेवर बसून तो मी स्वतः लिहिला. असल्या जबाबाचा शेवट ठरलेला असतो. माझ्या पिढीचे अधिकारी तो झोपेतही लिहितील. 'सदरची वस्तू मी स्वखुशीने काढून देत आहे.' चाकू काढून देणारा स्वखुशीने देतो, चोरीचे मंगळसूत्र काढून देणाराही स्वखुशीनेच देतो. मी लिहिले, वाचून दाखवले आणि अंगठ्यासाठी शाईचा पॅड पुढे केला.

काकांनी अंगठा मागे घेतला. "खुशीनं न्हाई साहेब."

"मग काय, जबरदस्तीनं?"

"जबरदस्ती बी न्हाई. लेकीसाठी दिलं. तसं लिवा."

इतक्या वर्षांत मी माणसांची दोन खाती पाडली होती, खुशीने देणारी आणि दबावाने देणारी. कुणाच्या तरी पायी, मन मोडून आणि तरी आपण होऊन देणारी माणसे मी रोज पाहत होतो. घरचे सोने मोडून मुलाला जामीन राहणाऱ्या आया माझ्यासमोरच सह्या करून गेल्या. त्यांच्या कागदांवरही मी स्वखुशीनेच लिहिले. त्यांच्यापैकी कुणी मला अडवले नाही, आणि मीही कुणाला विचारले नाही. या प्रकरणाने मला ॲप म्हणजे काय ते शिकवले नाही, ते मला आजही धड कळलेले नाही. तपासात माणसाने काय केले हे सापडते, पण कुणासाठी केले हे त्यालाच विचारावे लागते, एवढे मात्र मी त्या गोठ्यात शिकलो.

मी ते वाक्य खोडले. खोडलेल्या जागी माझी आद्याक्षरे घातली आणि वर लिहिले, 'सदरची वस्तू मी माझ्या मुलीसाठी देत आहे.' मग ते मोठ्याने वाचले. काकांनी ऐकून घेतले, अंगठा शाईत बुडवला आणि कागदावर जोराने दाबला.