हवाईच्या वाटेवरचं एक बंदर

आधीच सांगून टाकते, आम्ही हवाईला गेलो नाही. जहाजात बसलो नाही की देवमासे पाहिले नाहीत. गेला अख्खा हिवाळा आणि वर उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत आम्ही तिघं नुसतं जायचं ठरवत होतो.

खूळ नवऱ्याचं. डेट्रॉइटजवळच्या आमच्या ट्रॉय गावात जानेवारीत माणसाला दुसरं सुचणार तरी काय? ड्राइव्हवेवर गुडघाभर बर्फ, दुपार सरते न सरते तोच अंधार, हीटरच्या हवेनं ओठ फुटलेले. एका रविवारी हा लॅपटॉप घेऊन जेवणाच्या टेबलाशी आला आणि म्हणाला, क्रूझ करू या. लॉस एंजेलिसहून निघायचं, समुद्रातून हवाईला पोचायचं, एकेक बेट बघत फिरायचं आणि त्याच जहाजानं परत यायचं. मी पोळ्या लाटत होते. म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. आमची आजवरची सुट्टी म्हणजे गाडीच्या डिकीत राइस कुकर, मोटेलच्या खोलीत खिचडीचा वास आणि धुराचा अलार्म वाजू नये म्हणून त्याच्याखाली टॉवेल हलवत उभी असलेली मी. जहाजाचे थाट आम्हाला कुठून जमायचे? पण सोफ्यावर पालथी पडलेली लेक उठून बसली. तिला काही हवं असलं की ती मागत नाही, नुसती उठून बसते. लहानपणापासूनची सवय आहे. तेव्हाच मला कळलं की आता माझं काही चालायचं नाही.

हवाईच का, त्यालाही कारण होतं. लेक चार वर्षांची असताना आम्ही नवऱ्याच्या वर्क व्हिसावर इथं आलो. ग्रीन कार्डाच्या रांगेत उभे राहिलो आणि ती रांग काही पुढे सरकली नाही. मूल एकवीस वर्षांचं होईपर्यंत आईबापांच्या व्हिसावर इथं राहू शकतं. त्यानंतर त्याचं त्यानं बघायचं. लेकीचा एकविसावा वाढदिवस एप्रिलमध्ये होता. ती इथल्याच युनिव्हर्सिटीत नर्सिंग शिकत होती, म्हणून तिला स्टुडंट म्हणून राहता यावं असा वेगळा अर्ज आम्ही केला होता. त्याचं उत्तर येईपर्यंत तिनं देशाबाहेर पाऊल टाकायचं नाही, असं आमच्या वकीलबाईंनी बजावून ठेवलं होतं. टाकलं की अर्ज बाद. तेव्हा आम्हाला असा समुद्र हवा होता जिथं ऊन आहे, नारळाची झाडं आहेत, पण देश हाच आहे. उत्तर 'नाही' आलं तर काय, हे आमच्यापैकी कुणी तोंडातून काढत नव्हतं. ते यायच्या आधी एकदा तिघांनी मिळून कुठंतरी लांब जावं, एवढंच नवऱ्याच्या मनात होतं. त्यानं ते बोलून दाखवलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तसे आम्ही हद्द न ओलांडता सुट्ट्या घालवण्यात तरबेज. इथं राहायची परवानगी वाढत जायची, पण पासपोर्टातला व्हिसाचा शिक्का कधीच संपलेला. बाहेर पडलं तर परत यायला नवा शिक्का हवा, आणि तो कधी मिळेल, मिळेल की नाही, कुणी सांगू शकत नाही. माझी आई नागपूरला वारली, तिला मी शेवटचं फोनवर पाहिलं. कुणीतरी फोन धरला होता आणि त्याचा हात सारखा हलत होता. ते मी अजून विसरलेली नाही, विसरणारही नाही.

नायगारासुद्धा आम्ही इकडूनच पाहिला. लेक तेव्हा दुसरीत असेल. समोर कॅनडाच्या काठावर माणसांची ही गर्दी. तिनं विचारलं, ते सगळे तिकडे का उभे आहेत? नवरा म्हणाला, तिकडून धबधबा समोरून दिसतो. मग आपण तिकडे का नाही जात? नवऱ्यानं तिला आइसक्रीम घेऊन दिलं.

तर हवाई. नवरा पुण्याचा, त्यामुळे सुट्टीचासुद्धा आधी अभ्यास झाला पाहिजे. आमच्या ओळखीचं एक जोडपं क्रूझ करून आलेलं होतं. त्यांना फोन लावून यानं जेवणापासून उलट्यांपर्यंत सगळं विचारून घेतलं. लोणचं आणि मेतकूट न्या, पास्त्याचा वीट येतो, असं त्यांनी सांगितलं. राइस कुकर मात्र जहाजावर चढवू देत नाहीत हे कळल्यावर मी दिवसभर फुरंगटून बसले. लेकीनं केबिन निवडली. बाल्कनी हवीच, आणि बेट जवळ येताना ज्या बाजूनं दिसतं त्याच बाजूची हवी, म्हणून ती तास न् तास नकाशे बघत बसायची. मार्चमध्ये तिकडे देवमासे पिल्लांना घेऊन फिरतात म्हणे, तर नवऱ्यानं दुर्बीण मागवली. ती आली त्या दिवशी आम्ही तिघांनी स्वयंपाकघराच्या खिडकीतून आळीपाळीनं समोरच्यांच्या अंगणातली खार पाहिली. खार आमच्याकडे पाठ करून काहीतरी खात होती. लेक इतकी हसली की तिला उचकी लागली. मी सुखात होते त्या दिवसांत. बाकी काही असो, तेवढं खरं आहे.

सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, त्यामुळे बुकिंग करण्याआधी अख्खा मार्ग मी ओळ न् ओळ वाचून काढला. परतीच्या वाटेवर, लॉस एंजेलिसला पोचायच्या आदल्या दिवशी एक छोटा थांबा होता. एन्सेनाडा. मला वाटलं कॅलिफोर्नियातलंच एखादं गाव असेल, तिकडे गावांची नावं तशीच असतात. तरी नकाशात बघितलं. मेक्सिको.

नवऱ्यानं लगेच खोदून काढलं. जहाज परदेशी असेल तर त्याला मधे एकदा तरी परक्या देशाच्या बंदराला लागावंच लागतं, असा कुठलासा जुना कायदा आहे. म्हणून हे जहाज तिथं दुपारभर उभं राहतं, लोक उतरून टोप्या-बिप्या घेतात आणि परत चढतात. मग काय झालं, नवरा म्हणाला, आपण उतरायचंच नाही. केबिनमध्ये पत्ते खेळत बसू. वकीलबाईंना विचारून तर बघू. त्यांना फोन लावला, स्पीकरवर टाकला. नवऱ्यानं तीच गोष्ट तीन तऱ्हांनी विचारली. त्या बिचाऱ्या शांतपणे ऐकत होत्या. मग म्हणाल्या, जहाज देशाबाहेर गेलं म्हणजे तुमची मुलगी देशाबाहेर गेली, ती केबिनमध्ये झोपलेली असली तरी. फोन ठेवून मागे वळले तर लेक दारात उभी.

मी संतापले की माझं नागपूर बाहेर येतं. "काय करून राहिला तू?" मी नवऱ्यावर ओरडले. "पोरीला आशा लावून राहिला अन् साधं बंदर पाहता येत नाही तुले?" तो चष्मा काढून पुसत राहिला. मला कुणावर तरी ओरडायचंच होतं. ज्यांच्यावर ओरडायला हवं होतं ते माझ्या हाताशी नव्हते, आणि हा होता. लेक म्हणाली, "स्टॉप इट, आई. ही वॉज ट्राइंग." आणि वर निघून गेली.

नवरा मात्र हार मानायला तयार नव्हता. चार दिवस ऑफिसातून आल्यावर तो लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसायचा, मग त्यानं दुसरं जहाज शोधलं. हे अमेरिकेतलंच. होनोलुलूहून निघायचं, बेटांना वळसा घालून होनोलुलूलाच परत. परकं बंदर नाही, काही नाही. पण मार्चमध्ये जागा नव्हती, जून उजाडणार होता. जूनमध्ये देवमासे नसतात, ते तोवर उत्तरेला निघून गेलेले असतात. लेक म्हणाली, इट्स ओके, आपण पाणी बघू. बाल्कनीची बाजू तिनं पुन्हा नव्यानं निवडली. बुकिंग झालं आणि मी निर्लज्जासारखी पुन्हा आशेला लागले. उन्हाळ्याचे कपडे पलंगाखालून काढले, चिवड्याचे पोहे आणून ठेवले.

एप्रिलमध्ये ती एकवीस वर्षांची झाली. श्रीखंड केलं, औक्षण केलं. दरवर्षी ओवाळताना मी काहीतरी मागते. त्या दिवशी काय मागावं तेच सुचेना, आणि ताम्हन हातात धरून मी नुसतीच उभी राहिले. तिनंच माझा हात धरून तीनदा फिरवला.

उत्तर मे महिन्यात आलं. नाही. दोन-तीन वाक्यांत कारण दिलं होतं, ते वकीलबाईंनी समजावून सांगितलं आणि माझ्या डोक्यात काही शिरलं नाही. एवढंच शिरलं की आता तिनं लवकरात लवकर निघायला हवं, इथं काढलेला एकेक दिवस पुढे तिच्याच विरोधात मोजला जाईल. जूनपर्यंत थांबणं म्हणजे मूर्खपणा. नवरा बाजूच्या खोलीत जाऊन कुणाशी तरी फोनवर बोलला आणि बाहेर येऊन म्हणाला, कॅन्सल केलं.

लेक ओट्याला टेकून उभी होती. "नाऊ आय कॅन गो ऑन द फर्स्ट शिप," ती म्हणाली. "मेक्सिको इज फाइन नाऊ. इट्स ओन्ली द कमिंग बॅक."

कुणी हसलं नाही. तीही नाही.

जेवताना तिनं सांगितलं की तिला विंडसरच्या युनिव्हर्सिटीत ॲडमिशन मिळाली आहे. विंडसर म्हणजे कॅनडा, पण डेट्रॉइटच्या अगदी समोर, मधे फक्त नदी. तिकडचा व्हिसासुद्धा तिनं करून ठेवला होता. मी विचारलं, अर्ज कधी केलास? जानेवारीत, म्हणाली. म्हणजे आपण जहाज ठरवत होतो तेव्हा? तिनं पोळीचा तुकडा मोडला, पण तोंडात घातला नाही.

"आय वॉज डूइंग बोथ," ती म्हणाली.

मला आधी तिचा राग आला. भयंकर राग आला. बाल्कनीची बाजू निवडणारी ही पोर तेव्हाच सगळं समजून होती, आणि आमचं मन राखायला नकाशे बघत बसली होती. मग रागाचं रडू झालं. विंडसरच का निवडलंस, एवढं तिच्या बाबानं विचारलं. ती म्हणाली, तेच सगळ्यात जवळ आहे.

तिला पोचवायलाही आम्ही जाऊ शकलो नाही. आमच्या स्वतःच्या व्हिसाची मुदत वाढवायचा अर्ज तेव्हा सरकारकडे अडकलेला, आणि वकीलबाईंनी आम्हाला तेच सांगितलं जे आधी तिला सांगितलं होतं. बाहेर पाऊल टाकू नका. एक ओळखीच्या मावशी इथल्या सिटिझन आहेत, त्या आपल्या गाडीतून तिला पुलावरून पलीकडे घेऊन गेल्या. मी तिच्याबरोबर लोणचं दिलं, मेतकूट दिलं, चिवडा दिला. राइस कुकरही दिला, तिथं नेऊ देतात. गाडी वळणावरून दिसेनाशी झाल्यावर नवरा ड्राइव्हवेवर तसाच उभा राहिला. जणू बर्फ उपसायचा राहिलाय आणि फावडं सापडत नाहीये. मी त्याला आत ओढलं.

आता रविवारी आम्ही डेट्रॉइटला नदीवर जातो. ती तिकडच्या काठावर येते. मधल्या पाण्यातून मालवाहू बोटी जातात, कधी फिरायला निघालेल्या लोकांची बोट जाते, गाणी वाजत असतात. नुसत्या डोळ्यांनी पलीकडची माणसं मुंगीएवढी दिसतात, म्हणून नवरा देवमाशांसाठी घेतलेली दुर्बीण आणतो. पहिल्या वेळी ती शोधूनही सापडेना. मी फोन कानाला लावून होते, ती खुणा सांगत होती. निळं जॅकेट, कठड्याजवळचा दिवा, शेजारी बाक. नवऱ्याला दिसली. मग त्यानं दुर्बीण माझ्या हातात दिली.

कठड्यावर कोपर टेकवले तेव्हा ती दिसली. केस कापलेत तिनं, मला सांगितलं नव्हतं. बारीक झालीय. एका हातानं फोन धरला होता आणि दुसरा हात ती जोरजोरात हलवत होती. पण ती आमच्याकडे बघत नव्हती. आमच्या बऱ्याच डावीकडे एक जोडपं उभं होतं, बाईच्या अंगात लाल स्वेटर होता. ती त्यांच्याकडे बघत होती.

"आई, आय कॅन सी यू," फोनमध्ये ती म्हणाली. "तू लाल स्वेटर घातलायस ना?"

माझ्या अंगात करडा कोट होता.

"हो गं," मी म्हटलं. "लालच घातलाय."